सॅम्पल फ्लॅटमधली माणसं

मुकुंदरावांनी दारात चपला काढल्या, भिंतीला लावून जोडीने ठेवल्या आणि सोफ्याच्या अगदी कडेवर बसले. गुडघे जुळवून, हात मांडीवर. आमच्या एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने चपला कधी जोडीने काढल्या नव्हत्या. एक दाराशी आणि दुसरी टीव्हीखाली, आणि त्यावरून होणारं आमचं भांडण आता शेजाऱ्यांनाही पाठ झालेलं.

"वहिनी, घोटभर पाणी मिळेल का?" ते म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. वहिनी म्हणजे मीच होते.

"हे काय नवीन सोंग?" मी म्हटलं. थट्टा करायची यांची खोड जुनीच. पण ते हसले नाहीत, उलट ओशाळले. पाणी दिलं तर भांडं ओठांना न लावता वरून प्यायले, परक्याच्या घरी पितात तसं. मी चहा ठेवायला उठले तर ते "कशाला उगाच त्रास" म्हणाले, आणि प्यायल्यावर साखर अगदी बेताची आहे असं कौतुकही केलं. माझ्या चहाचं कौतुक त्यांच्या तोंडून मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते.

मग हॉलभर नजर फिरवून त्यांनी विचारलं, "मिस्टर बाहेर गेलेत वाटतं?"

समोरच्या भिंतीवर आमचा दोघांचा फोटो होता. त्याच्याकडे बघत विचारलं.

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मग मी थांबत नाही. मलाही घर गाठायचंय. आमची मंडळी वाट बघत असेल."

आणि ते उठले. तोंडाळ बाईला भीती जरा उशिराच कळते म्हणतात ते खरं असावं. मला ती त्या दुपारी कळली.

मुकुंद शेवाळे म्हणजे आयटीआयमध्ये फिटरचे मास्तर. नाशिकच्या निम्म्या कारखान्यांतल्या पोरांना कानस कशी धरायची ते यांनी शिकवलं. निवृत्तीनंतर काही वर्षांनी स्मृतिभ्रंश सुरू झाला. आधी नावं गेली, मग रस्ते. मग एक दिवस संध्याकाळी ते स्वतःच्याच घरात घाबरून उभे राहिले आणि "मला घरी न्या" म्हणून रडले. त्यानंतर आम्ही त्यांना 'ओढ' लावली.

हल्ली ती बऱ्याच घरांत आहे, तरी सांगते. कानामागे चिकटवायची एक पट्टी असते, बोटाच्या पेराएवढी. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं, की एखादी जागा कुठली ते ठाऊक असणं आणि ती आपली वाटणं, या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनोळखी गावात पाऊल टाकावं आणि इथे आपण पूर्वी आलोय असं उगाचच वाटावं, तसं प्रत्येकाला कधीतरी होतं. त्या वेळी आठवण काहीच नसते, नुसतं आपलेपण जागं होतं. कानशिलाच्या आत खोलवर त्याची एक जागा आहे. ही पट्टी आवाजाच्या, म्हणजे आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या बारीक लहरी त्या जागेवर सोडते. माणूस आपल्या घराच्या जवळ आला की लहरी सुरू, लांब गेला की बंद. आठवण परत येत नाही, पण उंबऱ्यात पाऊल टाकल्यावर जीव खाली पडतो. माणसंसुद्धा त्या आपलेपणात न्हाऊन निघतात. मुकुंदरावांना माझं नाव आठवत नव्हतं, पण मी आपली आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. माझं तेवढ्यावर भागत होतं.

घर मात्र एकच लावता येतं. नवं लागलं की जुनं सुटतं. आणि ते नातेवाइकांना लावता येत नाही. सुरुवातीला येत होतं; तेव्हा काही सुपुत्रांनी आईवडिलांना वृद्धाश्रमाच्या दारात उभं करून तेच त्यांचं घर म्हणून लावून टाकलं. म्हातारी माणसं तिथे सुखाने राहिली आणि मुलंही सुखाने राहिली. बोभाटा झाल्यावर कायदा आला. घर लावायचं असो की काढायचं, संमती पेशंटची, त्याच्या स्वतःच्या आवाजात आणि कुणी न पढवता. आमच्याकडे पट्टी बसवायला आलेला माणूस म्हणाला होता, "काही करायचं नाही काकू, नेहमीसारखं राहा, दोन दिवसांत आपोआप लागेल." तशी ती लागली होती. कशी लागली, ते मी कधी विचारलं नाही.

तर ते उठले आणि मी मागोमाग निघाले. कोपऱ्यावर बिनचालकाची रिक्षा उभी होती; पट्टीला जे घर लागलेलं असेल तिकडे ती नेते. मुकुंदराव आत बसून "घरी" म्हणाले. मी शेजारी बसले तर अदबीने सरकून त्यांनी जागा दिली.

"वहिनी, तुम्हीही तिकडेच का?"

"तिकडेच," मी म्हटलं.

रिक्षा मखमलाबादच्या पुढे गेली. तिथे पूर्वी द्राक्षबागा होत्या, आता 'अंगणवेल टाउनशिप' होते आहे. अर्धवट इमारती, सळया, क्रेन, आणि पुढे फुग्यांची कमान लावलेला एकच तयार फ्लॅट. गिऱ्हाइकाला दाखवायचा सॅम्पल फ्लॅट.

मुकुंदराव कमानीखालून आत शिरले. शिरता शिरता त्यांनी पाय झटकले. एक चप्पल दाराशी पडली, दुसरी टीव्हीखाली गेली. मी तिथेच भिंतीला धरून उभी राहिले.

टीव्ही पुठ्ठ्याचा होता. टेबलावरच्या परडीत प्लॅस्टिकची सफरचंदं, कपाटात पुस्तकांचे नुसते कणे, नळाला पाणी नाही. भिंतीवर कुठल्या तरी गोऱ्यागोमट्या कुटुंबाचा फोटो. आणि या सगळ्यात चार-पाच म्हातारी माणसं, प्रत्येकाच्या कानामागे पट्टी. अबोली रंगाचं पातळ नेसलेल्या एक बेबीताई ती सफरचंदं पदराने पुसून पुन्हा परडीत रचत होत्या. निवृत्त कंडक्टर भालेराव खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते.

"या, या मास्तर," भालेराव म्हणाले. "बसा. चहा घेणार?"

"अहो तुम्ही बसा," मुकुंदराव म्हणाले, "माझ्या घरी येऊन मलाच चहा विचारता? अहो, ऐकलंत का, पाहुणे आलेत!"

ही हाक त्यांनी आतल्या खोलीला मारली. तिथे रिकामा पलंग होता. बेबीताई हसून म्हणाल्या, "काही करायचं नाही हं. माझ्याकडे आलात, आता माझ्या हातचंच खायचं." प्रत्येक जण यजमान. प्रत्येक जण दुसऱ्याला आग्रह करत होता आणि कुणाच्याच हातात काही नव्हतं. मला हसू यायला हवं होतं. पण मुकुंदरावांचा चेहरा तिथे इतका निवांत होता की मला हसता येईना. असे निवांत ते आमच्या घरी कितीतरी दिवसांत दिसले नव्हते.

गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी पुढे आली. प्राजक्ता, तिथली विक्री बघणारी. आवाज एकदम गोड.

"तुम्ही काकांच्या घरच्या का? आम्ही बोलावत नाही हं काकू, ते आपले येतात. आम्हाला काही त्रास नाही. उलट बऱ्याच फॅमिलीज मग विचार करतात, की आईबाबांना इथे इतकं आवडतं तर इथेच घर का घेऊ नये."

"आवडतं?" मी म्हटलं. "बाई, यांना हे त्यांचंच घर वाटतंय."

"तेच तर," ती म्हणाली.

पुण्याहून आमची लेक शलाका दुसऱ्याच दिवशी आली. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे. पट्टी फोनला जोडून तिने तासभर काहीतरी उकरलं आणि मग शिव्या घातल्या. माझ्यावर गेली आहे.

"आई, तुला आठवतं, मी शाळेत असताना घरचा कॉम्प्युटर बिघडला होता? इंटरनेट उघडलं की आपलं नेहमीचं पान न येता भलतंच पान यायचं. काहीही शोधलं तरी ते कुठल्या तरी जाहिरातीवर न्यायचं."

"आणि तू काहीतरी फुकट उतरवलं होतंस म्हणून बाबा ओरडले होते."

"ते तसंच आहे. फुकटच्या मालासोबत नको असलेलं सॉफ्टवेअर गुपचूप आत शिरतं आणि सुरुवातीचं पान बदलतं. इथे पान नाही, घर बदललंय."

ज्येष्ठ नागरिक संघाची सहल 'अंगणवेल'ला गेली होती. रविवारची फुकट मिसळ आणि वर भेट म्हणून जुन्या गाण्यांचं पॅकेज. त्यांनीच ते प्रत्येकाच्या फोनमध्ये घालून दिलं होतं. गाणी खरी होती. मुकुंदराव ती गुणगुणतही होते. त्या गाण्यांच्या आड हे बसलं होतं.

शलाकाने गाणी काढली. अनोळखी नावाची आणखी दोन पिल्लं सापडली, तीही काढली. पट्टी कोरी केली आणि पहिल्यासारखी लावली. सकाळी मुकुंदराव पुन्हा सोफ्याच्या कडेवर बसून मला वहिनी म्हणाले. तिने फोन बदलला, तरी तेच. पट्टी बदलली, तरी तेच. मधे एकदा पट्टी काढूनच ठेवली, तर ते दिवसभर आरशातल्या माणसाला घराचा पत्ता विचारत राहिले आणि पाय सुजेपर्यंत चालले. आम्ही पट्टी परत लावली.

'ओढ'च्या कंपनीकडे तक्रार केली. कंपनी म्हणाली, तुमच्या पेशंटची संमती त्याच्या स्वतःच्या आवाजात आमच्याकडे जमा आहे. पोलिसांनी ती संमती कायदेशीर ठरवली. बिल्डरने आम्हाला चहा पाजला.

"संमती वर कंपनीकडे जमा असते," शलाका म्हणाली. "म्हणून आपण इथे कितीही साफ केलं तरी पट्टी ती वरून पुन्हा उतरवून घेते. मुळात संमतीच गेली पाहिजे. पण बाबांनी दिली कधी?"

शेवटी भांडून भांडून तिने ती संमती ऐकायला मिळवली. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर फोन ठेवला आणि आम्ही दोघी ऐकायला उभ्या राहिलो. आधी प्राजक्ताचा गोड आवाज आला, "परत या हं काका." मग मुकुंदरावांचा, मिसळ खाऊन तृप्त झालेला, "हो हो, येतो!"

"एवढंच?" मी म्हटलं.

"थांब, आणखी आहेत." तिने पुढचं लावलं. "बरंय ताई, येतो." पुढचं, "चला मंडळी, येतो हं." या सगळ्यांत मागे माझा आवाज होता, "चला, उशीर होतोय." मी रोज त्यांना तिथून ओढून आणत होते आणि ते रोज निघताना दारात सगळ्यांचा रीतसर निरोप घेत होते.

शलाका ओट्याला टेकून खाली बसली. मग तिने जे सांगितलं ते सोपं करून सांगते. विसराळू माणसाने संमती द्यायची कशी? सही तो विसरतो, प्रश्न त्याला कळत नाहीत. पण अंगवळणी पडलेली बोलणी टिकतात, कारण ती मेंदूत दुसरीकडे असतात. जिथे कानस धरलेला हात राहतो, सायकल राहते, तिथेच. म्हणून मराठी माणसांसाठी 'ओढ' करणाऱ्यांनी एक हुशारी केली. दारातून बाहेर पडताना माणूस 'येतो' म्हणाला, म्हणजे तो इथे परत येणार, म्हणजे हे त्याचं घर. अर्थात आपण 'येतो' कुठेही म्हणतो. वाण्याकडून निघताना, दवाखान्यातून निघताना, ज्याचं तोंड पुन्हा बघायचं नाही त्याच्याकडून निघतानाही. म्हणून त्यांनी दुसरी अट घातली होती, की माणूस त्या जागी निदान दोन दिवस राहिलेला असला पाहिजे. गाण्यांमागून शिरलेल्या सॉफ्टवेअरने बाकी कशालाही हात लावला नव्हता. 'अंगणवेल'पुरती तेवढी अट काढली होती, आणि ते घर काढेपर्यंत दुसरं लागू नये असं करून ठेवलं होतं.

"म्हणजे सगळ्या सभ्य माणसांनी तिथून निघताना आपापली घरं देऊन टाकली," मी म्हटलं.

"हो."

"आणि परत कशी घ्यायची?"

शलाका माझ्याकडे बघेना. "घर काढण्यासाठी त्यांनी असा शब्द निवडलाय, जो दारात चुकूनही कुणाच्या तोंडातून जात नाही."

मला कळायला वेळ लागला नाही. 'जातो'. माझी आई हा शब्द दारात कुणी उच्चारला तर अंगावर धावून जायची. मीही मुकुंदरावांवर धावून गेले आहे. नवीन लग्न झालेलं असताना ते मुद्दाम मला चिडवायला "बरं, जातो" म्हणायचे आणि मी त्यांना पाट मांडून पुन्हा बसवायची, पाणी पाजायची आणि "येतो" म्हणवून घेऊनच सोडायची. माणूस एकदाच जातो, आणि तेव्हा तो स्वतः सांगत नाही.

"नाही," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याच्या तोंडून मी ते वदवून घेणार नाही."

"मग बाबा इथे कायम पाहुणे राहतील, आई. बेबीताईंच्या मुलाने तिथे फ्लॅट बुक केला. थकला बिचारा. आपणही करायचा का?"

तिने पुढचं हळू आवाजात सांगितलं. या लबाड्या वाढल्यावर सरकारने नवा नियम केला होता. एखाद्या जागेवरून पेशंट 'जातो' म्हणाला, की ती जागा त्याच्यासाठी पुन्हा कधीच घर म्हणून लावता येणार नाही. कुठलंही सॉफ्टवेअर ते उलटवू शकणार नाही. "म्हणजे एकदा म्हणाले की सुटले. कायमचे," ती म्हणाली. "फक्त ते त्यांनी आपणहून म्हणायला हवं. आधी आपण शब्द उच्चारला आणि त्यांनी मागून म्हटला, तर पट्टी मानत नाही."

त्या दिवशी संध्याकाळी मुकुंदरावांनी माझ्याकडे पाणी मागितलं आणि वरून पिताना त्यांच्या शर्टवर सांडलं. मी पुसायला हात पुढे केला तर ते दचकून मागे झाले. परक्या बाईने अंगाला हात लावला म्हणून. मी आत जाऊन खूप रडले आणि मग शलाकाला सांगितलं, की उद्यापासून शिकवणी.

शिकवायची रीत त्यांचीच. आयटीआयमध्ये नवीन पोरगा आला की ते त्याला लोखंडाचा ठोकळा द्यायचे आणि हात बसेपर्यंत कानस मारायला लावायचे. डोक्याला विचारू नका, हाताला शिकवा, हे त्यांचं पालुपद. मी त्यांचं तोंड बसवायला घेतलं. आमच्या दारात मात्र चुकूनही नाही. सोसायटीच्या बागेचं फाटक, वाण्याचं दुकान, दवाखाना, भाजीवाली. प्रत्येक ठिकाणाहून निघताना मी आधी म्हणायची आणि मग त्यांनी.

"असं म्हणू नये वहिनी," ते कळवळून म्हणायचे. "येतो म्हणावं."

एवढं सगळं विसरून हे तेवढं लक्षात! मला त्यांना मिठी मारावीशी वाटायची आणि मी पुन्हा म्हणायची, "जातो."

"तुमच्यासाठी म्हणतो. जातो."

"शाब्बास!"

वाणी आमच्याकडे विचित्र नजरेने बघायचा. भाजीवाली एकदा म्हणालीच, "काय वो मावशी, चांगल्या माणसाला काय अभद्र बोलाया लावता?" मी तिच्याकडून भाजी घेणं सोडलं. हळूहळू मी न म्हणता ते म्हणू लागले. आधी अडखळत, मग सहज. म्हटल्यावर माझ्याकडे बघायचे. मी शाब्बास म्हणाले की लहान मुलासारखे खूश व्हायचे. आमच्या स्वतःच्या दारातून निघताना मात्र ते "येतो"च म्हणत राहिले. मी रोज कान देऊन ऐकायची. तेवढ्यापुरता जीव शांत व्हायचा.

तोंड बसलंय अशी खात्री झाल्यावर आम्ही तिघं 'अंगणवेल'ला गेलो. मुकुंदरावांनी दोन्ही चपला दोन दिशांना भिरकावल्या. भालेरावांना बसवलं. बेबीताई नव्हत्या, मधल्या महिन्यांत वरचा मजला तयार झाला होता आणि त्या आता तिथे त्यांच्या खऱ्या घरात राहत होत्या. मला मुकुंदरावांनी पलंगावर बसवून प्लॅस्टिकचं सफरचंद दिलं.

"घ्या वहिनी, संकोच करू नका. घर आपलंच आहे."

मी ते हातात धरून बसले. हा माणूस इथे सुखी आहे, मी त्याला इथून उचलून नेते आहे, असं मनात येऊन गेलं. खोटं का बोलू, चांगलंच येऊन गेलं. मग शलाकाने खुणावलं आणि आम्ही उठलो. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. मुकुंदराव दाराशी आले, चपला शोधून घातल्या, वळून भालेरावांकडे पाहिलं, प्राजक्ताकडे पाहिलं.

"परत या हं काका," ती सवयीने म्हणाली.

मुकुंदराव थांबले. त्यांचे ओठ हलले.

"जातो," ते म्हणाले.

शलाकाच्या हातातला फोन बोलला, "हे ठिकाण घर म्हणून काढून टाकले आहे." भालेरावांनी कानांवर हात ठेवले. शलाका धावत जाऊन बापाच्या गळ्यात पडली. मी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांसमोर, एखाद्या बक्षीस समारंभात वाजवाव्यात तशा. "शाब्बास मास्तर! शाब्बास!" मी हसत होते, रडत होते, त्यांचे दोन्ही हात धरून हलवत होते. त्यांना काही कळत नव्हतं. पण एवढं कौतुक होतंय म्हणून तेही हसत होते. इतकं खूश मी त्यांना शिकवणीत कधीच केलं नव्हतं.

हसू रिक्षातच मावळलं. आता कुठलंच घर लागलेलं नव्हतं. ते बाहेर बघत होते आणि प्रत्येक वळणावर माझा हात घट्ट धरत होते. रात्र त्यांनी आमच्या पलंगाच्या कडेला अंग चोरून काढली. शलाकाने मला पुन्हा पुन्हा समजावलं. उद्या सकाळी ते फिरायला निघतील, दारात 'येतो' म्हणतील, आणि घर लागेल. दोन दिवसांची अट कधीच पूर्ण झालेली आहे. "फक्त आई, तू एक अक्षर बोलायचं नाहीस. तू पढवलंस असं वाटलं की संपलं."

सकाळी मी साडी बदलली, केसांत फूल घातलं. कशासाठी घातलं ते विचारू नका. त्यांनी मला ओळखावं तेव्हा मी बरी दिसावी, एवढंच. मुकुंदरावांनी चहा घेतला, साखरेचं कौतुक केलं, जोडीने ठेवलेल्या चपला घातल्या. शलाका जिन्यात फोन धरून उभी होती. मी दारात. मध्ये ते.

त्यांनी कडी काढली. बाहेर पाऊल टाकलं. आणि मग वळून माझ्याकडे पाहिलं, नीट, लक्ष देऊन, जणू मला काय हवं आहे ते आठवत होते. त्यांचा चेहरा उजळला.

"जातो," ते म्हणाले. खणखणीत, एकदम स्पष्ट.

फोन कालचंच वाक्य बोलला. जिन्यात शलाका मटकन खाली बसली. फोन काय बोलला ते मला शब्दन् शब्द ऐकू आलं, आणि तरी माझ्या तोंडून जे निघालं ते आईचंच होतं, माझ्या जुन्या सवयीचं.

"अहो, जातो काय म्हणता?"

ते गोंधळले. पायरीवरच थांबले.

"तुम्हीच शिकवलंत ना, वहिनी?" त्यांनी विचारलं. "का अजून बरोबर येत नाही?"

मी दाराची चौकट धरून ठेवली होती.

"नाही, नाही," मी म्हटलं. "बरोबर आलं. अगदी बरोबर आलं."